‘अगं’ म्हणणारी माणसं

प्रकल्पाच्या नोंदवहीत नाव, वय, पत्ता यांच्या पुढे एक रकाना असायचा: ‘प्रकार’. तिथं तीनपैकी एक खूण करायची. को, पं किंवा डीडी. को म्हणजे कोती, पं म्हणजे पंथी आणि डीडी म्हणजे डबलडेकर. एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी नोकरीला लागलो, तेव्हा माझ्याकडे पदवी होती, वहीभर कविता होत्या, आणि हे तीन शब्द मी जन्मात ऐकलेले नव्हते. मी स्वतः त्याच रकान्यात बसणारा, तरीही. एकदा रात्री एसटी स्टँडच्या मागे आमच्या कार्यकर्तीनं एका मिशाळ, दणकट माणसाला विचारलं, ‘दादा, तुमचा प्रकार काय लिहू?’ तो म्हणाला, ‘ड्रायव्हर.’

तिनं मुकाट्यानं ‘पं’ लिहिलं.

तो माणूस थापा मारत नव्हता. त्याला बायको होती, दोन मुलं होती, गाडीचे हप्ते होते आणि आठवड्यातून एखादी रात्र तो पुरुषाबरोबर घालवायचा. या शेवटच्या गोष्टीसाठी त्याच्याकडे शब्द नव्हता, कारण त्याला तो कधी लागलाच नव्हता. ‘पंथी’ हा शब्द त्याचा नव्हेच. तो कोतीच्या तोंडचा. कोती म्हणजे बायकी चालीचा, बायकी मनाचा पुरुष. ती ज्याच्यावर भाळते, तो पंथी. म्हणजे मोजपट्टी कोतीच्या हातात. आपण पंथी आहोत हे बहुतेक पंथींच्या गावीही नसतं.

आणि डबलडेकर म्हणजे दोन्ही मजले चालू असलेला. हा शब्द मुंबईच्या बेस्टनं दिला. ती बस मुंबईत 1937 साली आली आणि जुन्या लाल डबलडेकरची शेवटची फेरी सप्टेंबर 2023 मध्ये झाली. बस गेली, शब्द मात्र सरकारी अनुदानाच्या नोंदवह्यांमध्ये शाबूत राहिला. हे मला फार आवडतं. कुठल्याशा बागेत कुणीतरी मारलेली कोटी दिल्लीच्या अहवालात आकडा होऊन बसते.

सरकारला हे शब्द का लागले, तेही सांगतो. 1990 च्या दशकात एड्सच्या कामात लक्षात आलं की ‘तू समलिंगी आहेस का?’ असं विचारलं तर बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीनं ते खरंच असतं. म्हणून ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ अशी लांबलचक पदवी काढली आणि तिचं एमएसएम केलं. या पदवीत माणूस काय करतो ते आलं. तो कोण आहे ते आलं नाही. मग ते भरून काढायला रस्त्यावरचे शब्द उचलले. त्यावर अभ्यासकांमध्ये भांडणंही झाली. कोती-पंथी ही या मातीतली जुनी ओळख की संस्थांनी अनुदानासाठी फुगवलेली, असा तो वाद. माझ्या पाहण्यात दोन्ही होतं. ज्या पोरांना मी स्टँडमागे भेटलो, त्यांच्याकडे हे शब्द संस्थेच्या आधी आलेले होते. पण रकाना आल्यावर त्या शब्दांना कोपरे आले. पूर्वी एखादी म्हणायची, ‘आज मी जरा पंथीच्या मूडमध्ये आहे.’ नोंदवहीला मूड चालत नाही.

या बोलीचं माहेर म्हणजे हिजड्यांची घराणी. तिला ‘फारसी’ म्हणतात, पण इराणच्या फारसीशी तिचा फारसा संबंध नाही. वाक्याची ठेवण हिंदीच्या वळणाची, मधले मोक्याचे शब्द स्वतःचे. चिसा म्हणजे देखणा. गिरिया म्हणजे यार, नवरा, जो काय असेल तो. साटला म्हणजे साडी, बायकांचे कपडे. म्हणून साडी नेसणारी ती साटला कोती आणि शर्ट-पँटमध्ये वावरणारी ती कडा कोती. निर्वाण हा शब्द तर थेट वर नेणारा: अंगावरचं पुरुषपण कापून टाकणं. भेटल्यावर ‘पावपडती’ आणि समोरून ‘जीती रहो’. मुंबईत आणि पुण्यात ही भाषा मराठीच्या इतकी जवळ राहते की दोघींचं कापड एकमेकींना लागतं. ‘अगं बाई, तो बघ की किती चिसा!’ हे वाक्य मी भर रिक्षा स्टँडवर ऐकलंय आणि रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नव्हती. त्याच्यासाठीच तर ती भाषा होती, म्हणजे त्याला कळू नये यासाठी. पोलीस आला, घरमालक आला, ओळखीचा आला, की चालू वाक्यात दोन शब्द बदलायचे.

पण माझ्या मते आमच्या बोलीतला सगळ्यात मोठा शब्द फारसीतला नाहीच. तो मराठीतला आहे, चारचौघांच्या घरातला: अगं.

पुरुषानं पुरुषाला ‘अगं’ म्हणणं. ‘कुठं मेली होतीस?’, ‘जेवलीस का?’, ‘तुझं काय झालं गं त्या बँकवाल्याचं?’ मराठीत हे करता येतं, आणि त्याची किंमतही मराठीतच मोजावी लागते. इंग्रजीत ‘मी गेलो’ म्हणताना बाई की बुवा ते सांगावं लागत नाही. मराठीत ‘जातो’ की ‘जाते’ याचा निवाडा दर वाक्याला होतो. दिवसातून शेकडो वेळा आपण आपलं लिंग जाहीर करत असतो आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही. ज्याच्या मनात आणि क्रियापदात फट आहे, त्याच्या मात्र प्रत्येक वेळी लक्षात येतं. आमची ती कार्यकर्ती ऑफिसात साहेबांशी ‘मी जाऊन आलो’ म्हणायची आणि दाराबाहेर पडताच ‘गेले बाई एकदाची’. उंबरा ओलांडताना चप्पल बदलावी तसं क्रियापद.

गंमत म्हणजे आमच्या सांगली-कोल्हापूरकडे कित्येक बायका सर्रास ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. माझी आजी अख्खं आयुष्य ‘आलो गं’ म्हणत जगली. तिला कुणी टोकलं नाही. बाईनं पुरुषाचं क्रियापद उचललं तर ती बोलीभाषा. पुरुषानं बाईचं उचललं तर तो तमाशा. मराठीतल्या आमच्याविषयीच्या सगळ्या शिव्या याच एका उतारावरून खाली येतात.

बायल्या, बायकोळा, बायलट, नाच्या, छक्का, मामू, मिठा, पावणेआठ. कुणी कुणावर प्रेम करतं याच्याशी यातल्या एकाही शब्दाला देणंघेणं नाही. सगळे शब्द बघतात ते हात कसा हलतो, कंबर कशी वळते, आवाज कुठं चढतो. मी शाळेत असताना आमच्या वर्गात दोन मुलं एकमेकांच्या पांघरुणात झोपायची, होस्टेलला सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं; दोघंही कबड्डीच्या संघात होते. ‘पावणेआठ’ म्हणायचे ते गॅदरिंगमध्ये गौळण बसवणाऱ्या पोराला. पुढं त्यानं रीतसर लग्न केलं आणि आजही तो, माझ्या माहितीप्रमाणे, बायकोशिवाय कुणाकडे बघत नाही. म्हणजे शिवी बसली ती बाईपणावर. पुरुषानं खाली उतरून बाईच्या पायरीवर बसणं हा गुन्हा. त्या दोघांनी पायरी सोडली नव्हती.

हेच राजकारणातही दिसतं. अधिकाऱ्याचा निषेध करायचा, की त्याच्या टेबलावर बांगड्या नेऊन ठेवायच्या. सगळ्या पक्षांनी हे केलंय, आणि त्यात महिला आघाड्या पुढं असतात हे विशेष. हातातल्या बांगड्यांनिशी दुसऱ्याला ‘बांगड्या भरा’ म्हणून हिणवायचं. ‘हिजडा’ या शब्दाचं व्यासपीठावर तेच होतं. तिथं त्याचा अर्थ फक्त भित्रा. बाकी काही म्हणा, भर सिग्नलला काचा बंद केलेल्या शंभर गाड्यांसमोर एकटीनं उभं राहायला जे लागतं त्याला भित्रेपणा म्हणत नाहीत.

आणि माझ्या गावापासून काही तासांवर, सीमेपलीकडे कर्नाटकात, सौंदत्तीच्या डोंगरावर याच बांगड्यांचा भाव वेगळा. यल्लमाला सोडलेले जोगते साडी नेसतात, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मुखवट्याची परडी, घेतात, चौंडक्यावर गातात. केसांत जट आली म्हणजे देवीनं बोलावणं धाडलं. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवीबरोबर त्यांच्याही बांगड्या फुटतात आणि माघातल्या अहेव पुनवेला नव्यानं भरल्या जातात. आमच्या आळीत मंगळवारी जोगता जोगवा मागायला यायचा तेव्हा माझी तीच आजी सुपातून धान्य घालून पाया पडायची आणि त्याला ‘आई’ म्हणायची. तो गेल्यावर आमचे काका त्याची नक्कल करायचे आणि आजीसकट सगळे हसायचे. पाया पडणं आणि हसणं एकाच अंगणात, पाच मिनिटांच्या अंतरानं. आमच्याकडं परंपरेनं अशा माणसांना मान होता, असं हल्ली फार लिहिलं जातं. मान होता. भिक्षेच्या सुपाएवढा होता. घरातल्या पोरानं साडीला हात लावला तर त्याच अंगणात फोकानं मार बसायचा.

पुण्यात आल्यावर मला ‘गे’ हा शब्द मिळाला. मिळाला म्हणजे काय, तो हवेतच होता. अशोक राव कवी यांनी 1990 साली मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींसाठीचं नियतकालिक काढलं होतं, 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला होता. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट काम करत होता आणि ते मराठीत, पुणेरी मराठीत, या विषयावर लिहीत होते. ‘गे’ शब्दात मला पहिल्यांदा स्वच्छ वाटलं. आखूड शब्द, इस्त्रीचा. त्याला घाम येत नव्हता, त्याला एसटी स्टँडचा वास नव्हता. कॉफी पिताना म्हणता येत होता, आणि शेजारच्या टेबलावर ऐकू गेला तरी हा मुलगा इंग्रजी माध्यमातला असावा असंच वाटेल.

त्याचं कामच ते होतं. ‘गे’ शब्दानं आम्हाला प्रेमाचं नाव दिलं हे खरं, पण त्याहून जास्त त्यानं आम्हाला एका पंगतीतून उठवून दुसऱ्या पंगतीत बसवलं. आम्ही गे, ती कोती. आम्ही मीटिंगला, ती फील्डवर. आमच्या गटात एक मुलगा चांगला कंपनीत इंजिनिअर होता; त्याला कुणी चुकून ‘अगं’ म्हटलं की तो उठून जायचा. ‘मी गे आहे, कोती नाही,’ हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा ऐकलं की त्यातला जातीचा सूर कानाला खटकायचाच बंद झाला. जात म्हणजे मी ठरवून म्हणतोय. कोण कुणाबरोबर बसतं, कोण कुणाच्या हातचं पाणी पितं, आणि कोण कुणाच्या नावानं ओळखलं गेलं तर आंघोळ करावीशी वाटते, एवढं सगळं त्यात होतं.

पुढं मोबाइलवर ॲप आली आणि हा सूर छापील झाला. ‘स्ट्रेट ॲक्टिंग’, ‘डिस्क्रीट’, ‘नो फेम’. मराठी प्रोफाइलवर तर आडपडदाच नाही: ‘बायकी मुलांनी मेसेज करू नये.’ शाळेतली शिवी चोरपावलांनी परत आली आणि आता ती आमच्याच हातात होती. ‘टॉप’, ‘बॉटम’, ‘व्हर्स’ हे नवे कोती, पंथी, डबलडेकर. रकाना तोच, फक्त भरणारा आता आपला आपण. मात्र या ॲपवरचा सर्वांत खरा देशी शब्द मला वाटतो ‘प्लेस’. ‘हाय’ नंतर दुसरा प्रश्न तोच. ‘प्लेस आहे?’ ज्या शहरात दहा बाय बाराच्या खोलीत पाच जण झोपतात तिथल्या प्रेमाची सगळी अडचण त्या एका शब्दात मावते, आणि त्याचं भाषांतर कुणी मागत नाही.

वर्तमानपत्री मराठीबद्दल थोडं. इंग्रजांनी दंडसंहितेत 377 कलम घातलं, ते 1862 पासून लागू झालं, आणि त्यातून मराठी बातमीदाराला ‘अनैसर्गिक’ हा शब्द मिळाला. दोन प्रौढांच्या संमतीचा मामला असो की शाळकरी पोरावरचा अत्याचार, बातमीत दोन्हीला ‘अनैसर्गिक कृत्य’. हा शब्दांचा गोंधळ मला शिव्यांपेक्षा घातक वाटतो, कारण शिवी देणाऱ्याला निदान आपण शिवी देतोय हे माहीत असतं. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांचे संमतीचे संबंध त्या कलमातून मोकळे केले. 1 जुलै 2024 पासून दंडसंहिताच गेली आणि नव्या संहितेत ते कलम नाही. बातम्यांमधला ‘अनैसर्गिक’ अजून नांदतोय. ‘समलिंगी’ आणि ‘समलैंगिक’ हे त्याचे सभ्य चुलतभाऊ. वाईट नाहीत. पण या शब्दांत कुणी कुणाला हाक मारत नाही. ते नेहमी तिसऱ्याबद्दल बोलताना वापरायचे. मराठीत या विषयावर मोकळेपणानं छापायला कधीच सोपं नव्हतं हेही खरं. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून, आणि त्यात समलिंगी संबंधांविषयीही प्रश्न होते. डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेतलं होतं. कर्वे हरले, दंड झाला.

‘तृतीयपंथी’ हा शब्द सरकारला फार आवडतो. सर्वोच्च न्यायालयानं 2014 च्या नालसा निकालात तिसऱ्या लिंगाला मान्यता दिली, त्यानंतर तर तो सगळीकडे झाला: मतदार यादीत, योजनांत, 2020 साली राज्यानं स्थापलेल्या कल्याण मंडळाच्या नावात. ‘हिजडा’ म्हणायला जीभ कचरते त्यांची त्यानं सोय केली. पण स्वतः त्या समाजातल्या किती तरी जणी ‘हिजडा’ हाच शब्द छाती काढून वापरतात. लक्ष्मीनारायण त्रिपाठींच्या मराठी आत्मकथनाच्या नावातच तो दोन शब्दांत ठणकावून आला आहे. माझा एक मित्र मुलगी म्हणून जन्मला, आता दाढी राखतो. तो म्हणतो, ‘मी तिसरा कसा? दुसऱ्या रांगेतून उठून पहिल्या रांगेत आलोय. तिसरी रांग मला दिसलीसुद्धा नाही.’ जे स्वतःला ना बाई मानतात ना बुवा, त्यांची अडचण निराळी. मराठीत नपुंसकलिंग आहे म्हणून खूश व्हावं, तर ते ‘ते पोर’, ‘ते कुत्रं’ यांच्यासाठी राखीव. माणसाला ‘ते आलं’ म्हटलं की अपमानच होतो. मग आदरार्थी ‘ते आले’ उरतं. निदान मान तरी मिळतो, असं एक तरुण मला हसत म्हणालं. म्हणाले. बघा, मलाही अजून सराव नाही.

तमिळनाडूनं हे काम सरकारी पातळीवर केलं. मद्रास उच्च न्यायालयात न्या. आनंद वेंकटेश यांच्यासमोर 2021 मध्ये एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन मुलींचं प्रकरण आलं, त्यातून शब्दांचा प्रश्न निघाला आणि 2022 मध्ये राज्याच्या राजपत्रात एक शब्दसूचीच प्रसिद्ध झाली. पारलिंगी, म्हणजे ट्रान्स, स्त्रीसाठी ‘तिरुनंगै’ हा मानाचा शब्द तर तिथं आधीपासून रुळलेला. मराठीतही अशी सूची यावी, असं मला वाटतं. पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घेताना ती लागेल. पण राजपत्रातल्या शब्दात कुणी लाडात येत नाही. त्यासाठी ‘अगं’च लागतं. आणि ‘क्वीअर’ या आम्हा सगळ्यांना एकत्र बांधणाऱ्या शब्दाबद्दल मला शंका आहे. इंग्रजीत तो शब्द आधी तोंडावर थुंकला गेला आणि मग लोकांनी उचलून घेतला. मराठीत तो थेट महाविद्यालयाच्या सेमिनारमध्ये उतरला. त्याला इथं कधी दगड लागले नाहीत. त्याची बरोबरी करायची तर पुण्याच्या प्राइड मोर्च्यात ‘बायल्या’ लिहिलेला फलक लागेल. मी तो धरायला तयार आहे. शेजारी कोण उभं राहील ते बघायचंय.

राहिल्या बायका. त्यांच्यासाठी मराठीत शिवीसुद्धा नाही. ‘पुरुषी’ म्हणतात, ‘रांगडी’ म्हणतात, आणि बैल धरणाऱ्या, मोटारसायकल चालवणाऱ्या पोरीचं तर कौतुक होतं: पोर नाही, गडी आहे नुसता! लग्नाचं वय येईपर्यंत. मग गड्याला शालू नेसवतात. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ नाटकात 1981 साली बाईवर प्रेम करणारी बाई रंगमंचावर आली, आणि तिला हाक मारतात ती ‘मित्रा’. मुंबईत 1995 च्या सुमाराला बायकांनी आपला गट काढला त्याचं नाव ‘स्त्री संगम’, पुढं तो ‘लेबिया’ झाला. असे काही टापू सोडले, तर बाकी सगळं बिननावाचं.

मला हे अन्यायाचं वाटतं, आणि मी ते कोल्हापूरच्या एका मैत्रिणीला बोलून दाखवलं. ती आणि तिची जोडीदारीण कित्येक वर्षं एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतात. खाली मालकीणबाई, त्या संक्रांतीला दोघींना वाण देतात. ती म्हणाली, ‘अरे, नाव नाही म्हणून तर घर मिळालं. तुम्हा दोघांना किती जणांनी नाही म्हटलं?’ मी आकडा सांगितला नाही. उलट विचारलं, ‘आणि उद्या दवाखान्यात सही करायची वेळ आली तर कोण म्हणून करशील?’

‘मावसबहीण म्हणून,’ ती म्हणाली. ‘केली की मागच्या दिवाळीत. त्यांनी फक्त आडनाव वेगळं कसं विचारलं, तर म्हटलं, मावसबहिणीचं वेगळंच असतं.’